सेव्ह न होणारा गेम

नव्वदीत जन्मलेल्या कुणाशीही व्हिडिओ गेमचा विषय काढा, तो मारिओ आणि कॉन्ट्रावर येऊन थांबतो. माझंही तसंच होतं. अमरावतीला आमच्या घरी जपानच्या फॅमिकॉमची एक स्वस्त नक्कल होती. पिवळ्या कॅसेटवर लिहिलेलं ‘९९९९ इन १’, आत वीसेक गेम, तेच ते फिरून येणारे. याच यंत्रावर जपानी पोरं १९८६ पासून काहीतरी वेगळंच खेळत होती, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं.

त्या वर्षी एनिक्स कंपनीचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला. करणारा युजी होरीई. यात उड्या नाहीत, नेमबाजी नाही. गावात शिरायचं, लोकांशी बोलायचं, रानात लढून चार पैसे जमवायचे, बरी तलवार घ्यायची, मुक्काम करून पुढे निघायचं. १९८७ मध्ये स्क्वेअरचा ‘फायनल फँटसी’ आला, त्यात चौघांची टोळी. शेगावची पालखी अकोल्यातून पंढरपूरकडे जाताना ज्याने पाहिलीय, त्याला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. वाट लांब, मुक्काम ठरलेले, आणि सोबत कोण आहे ते महत्त्वाचं. (जगाला १९९७ चा ‘फायनल फँटसी ७’ जास्त प्रिय आहे. मला तो जरा डोईजड वाटतो. भांडायचं असेल तर भांडू.)

मग हे गेम आमच्या कॅसेटवर का नव्हते? जपानी अक्षरं कोण वाचणार, हे एक झालंच. पण मला खरी अडचण सेव्हची वाटते. असा गेम एका बैठकीत संपत नाही. पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये २० अक्षरांचा मंत्र वहीत उतरवून घ्यावा लागे, दुसऱ्या दिवशी तो टाकला की खेळ तिथून सुरू. दुसऱ्या भागात मंत्र ५२ अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकलं की सगळं पाण्यात. १९८८ च्या तिसऱ्या भागात कॅसेटमध्येच बॅटरी बसवली. आमच्या नकली कॅसेटमध्ये कोण बॅटरी घालतो! त्यात भारनियमन. लाइन गेली की मारिओ पहिल्यापासून, आणि मारिओला ते परवडायचं.

आमच्या पिढीला हा प्रकार भेटला तो थेट मोबाइलवर, इम्युलेटरमधून, तोही चोरीचा. २०१३ च्या उन्हाळ्यात अकोल्याच्या मावसभावाने मावशीच्या फोनवर ‘पोकेमॉन एमरल्ड’ टाकला. सेव्ह करायला गेलो तर काही केल्या होईना.

“काऊन बे, हे सेव्ह होऊन नाही राह्यलं.”

मग आम्ही गेम बंदच केला नाही. चार दिवस. मावशी फोनवर बोलायची तेव्हा दोघं शेजारी बसून असायचो. आठपैकी सहा बॅज झाले. पाचव्या दिवशी दुपारी वादळ आलं, लाइन गेली ती रात्रीपर्यंत, आणि फोन मान टाकून मोकळा झाला. भाऊ रडला. मी मोठा असल्यामुळे रडलो नाही, नुसतं जेवलो नाही.

तो गेम १२८ केबीची सेव्ह-मेमरी मागतो आणि इम्युलेटर ६४ धरून चालला होता. सेटिंगमधला एक आकडा बदलायचा होता. नोकरीला लागल्यावर एकदा सहज वाचताना कळलं, तसा लगेच अकोल्याला फोन लावला. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मंग टाकू का आता पुन्हा?”