स्मृतिभ्रंश आणि घरची सून

म्हाताऱ्या माणसाने जेवून उठताच पुन्हा ताट मागितले, की आमच्या मोहोळात ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणत. पण १९०६ साली जर्मनीत डॉ. अल्झायमर यांनी ज्या बाईच्या मेंदूतील बिघाड सांगितला, ती दवाखान्यात आली तेव्हा ५१ वर्षांची होती. साठी कसली! रोगाला पुढे डॉक्टरांचे नाव मिळाले. न्हाणेधुणे करणाऱ्या सुनेची विचारपूस मात्र राहूनच गेली. केरळात १९९२ साली रुग्णांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी संस्था निघाली. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सेवा करणारांसाठी ‘आयसपोर्ट’ हा इंटरनेटवरचा अभ्यासक्रम काढला. त्याच्या पाच भागांपैकी एक चक्क आपण स्वतःला कसे जपावे यावर आहे! मी सातवी शिकलेली. मुलगा मराठीत समजावतो. रात्री सासूबाई निजल्या, की एकेक धडा घेतो.