गाडीच्या इंजिन ऑइलमध्ये पाणी गेलंय? आधी हे वाचा

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत कितीतरी गाड्या बुडाल्या. तुमचीही जुनी गाडी बुडाली, तर सेल्फ किंवा किक मारू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही; कनेक्टिंग रॉड वाकतो.

डिपस्टिक बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे आणि बेअरिंग घासली जाणार. गाडी ढकलत गॅरेजला न्या. सिलिंडरमधलं पाणी काढून ऑइल, फिल्टर बदला. इंजिन थोडा वेळ चालवून तेही ऑइल काढून टाका, पुन्हा नवं भरा.

गाडी बुडाली नाही, तरी ऑइल दुधाळ आणि कूलंट कमी? हेड गॅस्केट तपासा. फक्त झाकणाखाली पांढरा थर? विश्रामबागेतल्या विश्रामबागेत छोट्या फेऱ्या मारल्याने साचलेली वाफ असेल. एकदा मिरजेपलीकडे लांब चक्कर मारून बघा.