लेखक-प्रकाशक मध्यस्थी, खानदेशातील

लेखकाचे हस्तलिखित योग्य प्रकाशकापर्यंत पोहोचविणे, त्याच्या वतीने कराराच्या अटी ठरविणे आणि मानधनाचा हिशेब पाहणे ही कामे करणाऱ्या व्यक्तीस साहित्यप्रतिनिधी म्हणतात. हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडन येथे उदयास आला. ए. पी. वॉट (१८३४–१९१४) हा पहिला व्यावसायिक साहित्यप्रतिनिधी मानला जातो. लेखकाच्या प्राप्तीतून दहा टक्के दलाली घेण्याची पद्धत त्याच्यापासून रूढ झाली. मराठी ग्रंथव्यवहारात हा व्यवसाय रुजला नाही. मात्र मध्यस्थाची गरज येथेही होतीच. प्रकाशनाची प्रमुख केंद्रे पुणे-मुंबईस असल्याने दूरच्या प्रदेशातील लेखकास ती अधिक जाणवे. खानदेशाच्या वाङ्मयीन इतिहासात या गरजेची पूर्ती कोणी व कशी केली, हे स्पष्टपणे दिसून येते. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. त्यांचेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे झाले.

मध्यस्थीचा पहिला प्रकार संमेलनाचा होय. १९०७ मध्ये जळगाव येथे पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. धरणगाव येथे जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे (१८९०–१९१८) या कुमारवयीन कवीने तेथे कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. का. र. कीर्तिकर यांनी त्यास ‘बालकवी’ ही उपाधी दिली. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी त्यास आपल्या घरी अहमदनगरला आश्रय दिला. कवीस रसिकमान्यता मिळाली. तथापि भादली रेल्वेस्थानकाजवळ अपघाती मृत्यू येईपर्यंत त्याच्या कवितांचा संग्रह निघाला नाही. रसिकांची दाद आणि ग्रंथप्रकाशन यांतील अंतर संमेलनास नेहमीच भरून काढता येत नाही, हे यावरून ध्यानात येते.

दुसरा प्रकार आप्तांच्या मध्यस्थीचा. असोदे येथे जन्मलेल्या व जळगावास नांदलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. शेतात व घरात काम करताना त्यांना सुचलेल्या ओव्या त्यांचे पुत्र कवी सोपानदेव चौधरी व इतर आप्तांनी टिपून ठेवल्या. बहिणाबाईंच्या निधनानंतर सोपानदेवांनी ही वही आचार्य प्र. के. अत्रे यांना दाखविली. अत्रे यांनी काव्याचे मोल तत्काळ ओळखले आणि त्यांच्या प्रस्तावनेसह बहिणाबाईंची गाणी हा संग्रह १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. टिपून ठेवणारा पुत्र व पारख करणारा संपादक या दोघांपैकी एक जरी नसता, तरी ही कविता कवयित्रीबरोबरच लोपली असती. जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले.

तिसरा प्रकार संस्थांचा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे धुळे येथे १९२६ मध्ये निधन झाले. त्यांची टिपणे, कागदपत्रे व अप्रकाशित लेखन सांभाळण्यासाठी १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. शंकर श्रीकृष्ण देव (१८७१–१९५८) यांनी धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेमार्फत समर्थ संप्रदायाचे साहित्य प्रसिद्ध केले. संशोधनपर व सांप्रदायिक ग्रंथांना असा आधार मिळाला. कल्पित साहित्य लिहिणाऱ्या नवोदितास मात्र तो सहसा लाभला नाही.

चौथा प्रकार जाणत्या प्रकाशकाचा. वि. स. खांडेकर यांची ययाति (१९५९) प्रसिद्ध करणाऱ्या रा. ज. देशमुख यांच्या देशमुख आणि कंपनीने सांगवी (ता. यावल) येथील भालचंद्र नेमाडे (जन्म १९३८) यांची कोसला ही पहिली कादंबरी १९६३ मध्ये काढली. लेखक तेव्हा पंचवीस वर्षांचा होता आणि कादंबरी रूढ घाटाची नव्हती. येथे प्रकाशकानेच परीक्षकाचे काम केले. याच सुमारास प्रस्थापित संपादक-प्रकाशकांचा कौल न मानणारी लघुनियतकालिकांची चळवळ मराठीत उभी राहिली.

अद्भुतरम्य कादंबरी लिहिणाऱ्याची अडचण याहून निराळी आहे. मराठी कादंबरीचा आरंभकाळ मुक्तामाला (१८६१) सारख्या अद्भुतरम्य कृतींचा होता. ह. ना. आपटे यांच्यापासून वास्तवदर्शनास प्रतिष्ठा प्राप्त झाली व अद्भुत हे करमणुकीच्या सदरात पडले. राजवाडे यांनी १९०२ मधील ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुत व वास्तव या दोन्ही प्रवृत्तींचा ऊहापोह केला आहे. अनंत अंतरकर यांच्या नवल मासिकाने अशा लेखनास आसरा दिला आणि नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भय व अद्भुत यांवर मोठा वाचकवर्ग मिळविला. तरीही आपले लेखन पोरकट ठरेल, ही धास्ती लेखकास राहतेच. नावलौकिक असलेले लेखकही परीक्षेच्या या प्रश्नातून सुटत नाहीत. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस १९७४ मध्ये आपली पहिली विज्ञानकथा पाठविली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. निर्णय नावावर नव्हे, तर कथेवर व्हावा, हा त्यामागील हेतू होता. जे. आर. आर. टोल्कीन यांची द हॉबिट (१९३७) स्वीकारताना प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाचा अभिप्राय घेतला होता, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

हस्तलिखित वाचले जाईल काय, प्रकाशनाचा खर्च आपल्यावरच पडेल काय, कल्पना वा हक्क हातचे जातील काय, या नवोदिताच्या प्रमुख चिंता होत. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. हक्कांविषयी प्रतिलिपी-अधिकार अधिनियम, १९५७ संरक्षण देतो. लेखनाबरोबरच हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. मात्र हे संरक्षण लिखित कृतीस आहे, नुसत्या कल्पनेस नाही. हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते. १९९४ च्या दुरुस्तीनुसार करारात मुदत दिलेली नसल्यास ती पाच वर्षे, आणि प्रदेशाचा निर्देश नसल्यास तो भारतापुरता समजला जातो.

खानदेशातील मध्यस्थीस दलाली लागली नाही, हे तिचे वैशिष्ट्य. ती योगायोगावर व नात्यागोत्यावर विसंबून राहिली, ही तिची मर्यादा. जाणत्या वाचकाची भेट झाली, त्या कृती टिकल्या. अशी भेट न झालेल्या वह्यांची नोंद इतिहासात आढळत नाही.