बंदुका उतरवलेली विमाने

वेगवान हेर विमानांचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अमेरिकेचे काळेकभिन्न एसआर-७१ 'ब्लॅकबर्ड' येते. आपण मात्र बरेच मागे, २६ जून १७९४ या दिवसापर्यंत जाऊ. त्या दिवशी फ्लरुसच्या लढाईत फ्रेंचांनी दोरांनी बांधलेला एक फुगा आकाशात चढवला आणि टोपलीतल्या निरीक्षकांनी शत्रुसैन्याच्या हालचालींच्या चिठ्ठ्या खाली धाडल्या. उंचीवरचा डोळा मिळाला, पण तो दाव्याला बांधलेला होता. पहिल्या महायुद्धात विमान आणि कॅमेरा यांची गाठ पडली, तरी टेहळणीची विमाने संथच राहिली. लढाऊ विमानांनी त्यांची शिकार करावी आणि म्हणून त्यांच्या राखणीला आणखी लढाऊ विमाने धाडावीत, असा तो मामला होता.

या घोळातून वाट काढली ती मॉरिस लाँगबॉटम या ब्रिटिश हवाई दलातल्या तरुण अधिकाऱ्याने. ऑगस्ट १९३९ मध्ये त्याने वरिष्ठांना एक टिपण दिले: टेहळणीचे विमान लहान आणि वेगवान असावे, त्यावर बंदुका नकोत, वाचलेल्या वजनाइतके इंधन भरावे आणि शत्रू दिसताच लढत न बसता निघून यावे. सैनिकी परंपरेत वाढलेल्या माणसाने पळून येण्याची तरतूद लेखी मागावी, हे धाडसच म्हटले पाहिजे. सिडनी कॉटन या खटपट्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने ही कल्पना उचलून धरली. त्याने मिळवलेल्या स्पिटफायर विमानांच्या बंदुका उतरवून पंखांत कॅमेरे बसवण्यात आले. रंगारी भिंतीला लांबी भरून घासतो, तशा सगळ्या फटी बुजवून पृष्ठभाग गुळगुळीत केला गेला. नोव्हेंबर १९३९ मध्ये लाँगबॉटम स्वतःच असे एक विमान घेऊन जर्मन सरहद्दीकडे उडाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर भरवसा उंचीवर गेला. तो किती कच्चा होता, याचा अनुभव भारताला लवकर आला. १० एप्रिल १९५९ रोजी आपल्या हवाई दलाचे एक कॅनबेरा टेहळणी विमान पाकिस्तानी सेबर विमानाने रावळपिंडीजवळ पाडले. पुढच्याच वर्षी, १ मे १९६० रोजी, अमेरिकेचे यू-२ हेर विमान सोव्हिएत क्षेपणास्त्राला बळी पडले आणि वैमानिक गॅरी पॉवर्स पकडला गेला. उंचीला वेगाची जोड हवी, हे लॉकहीड या विमान कंपनीतल्या अभियंता केली जॉन्सनने त्याआधीच ओळखले होते. त्याच्या चमूचे ए-१२ १९६२ मध्ये आणि त्याचे भावंड एसआर-७१ २२ डिसेंबर १९६४ रोजी उडाले. ध्वनीच्या तिप्पट वेगात कातडी इतकी तापे, की विमान बहुतांशी टायटॅनियमचे करावे लागले. गंमत अशी, की त्यातले बरेचसे टायटॅनियम मध्यस्थांकरवी सोव्हिएत संघातूनच आणले गेले! उष्णतेने धातू प्रसरण पावणार, म्हणून पंखांच्या पत्र्याला बारीक पन्हळी ठेवल्या होत्या. इंधनाच्या टाक्यांचे सांधे तर जमिनीवर चक्क गळत. एसआर-७१ची ३२ विमाने बांधली गेली. अपघातांत १२ गेली, शत्रूच्या हातून एकही नाही.

६ मार्च १९९० रोजी यातले एक विमान लॉस एंजेलिसहून ६४ मिनिटे २० सेकंदांत वॉशिंग्टनला पोहोचले आणि डलेस विमानतळावर उतरून स्मिथसोनियन संस्थेच्या हवाली झाले. संग्रहालयात दाखल होता होता विक्रम करणारी वस्तू विरळाच. आज ते विमानतळालगतच्या उडवार-हेझी केंद्रात आहे. अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या मराठी आईवडिलांनी व्हाइट हाउससमोरचा फोटो झाल्यावर अर्धा दिवस इकडे जरूर काढावा. पंखांवरच्या त्या पन्हळी तिथे नीट पाहायला मिळतात.

इतके लांब जाणे जमणार नसेल, तर दिल्ली आहे. सोव्हिएत संघाने याच वेगाच्या शर्यतीत, टायटॅनियमऐवजी मुख्यतः पोलादावर भिस्त ठेवून, मिग-२५ घडवले. त्याची टेहळणी आवृत्ती १९८१ मध्ये भारतीय हवाई दलात आली आणि बरेलीच्या तळावरून २००६ पर्यंत उडत राहिली. त्यांतले एक पालमच्या हवाई दल संग्रहालयात ठेवले आहे. त्याच्या नाकाखाली कॅमेऱ्यांच्या काचा आहेत. तोफ मात्र शोधू नये, ती मुळात बसवलेलीच नव्हती.