वाजीरचा बाजार

केनियाच्या ईशान्येस, सोमालियाच्या सीमेला लागून, वाजीर नावाचा रुक्ष प्रदेश आहे. वस्ती बहुतांशी सोमाली. उपजीविका उंट आणि शेळ्यामेंढ्यांवर. भांडणे चराईची, पाण्याची आणि कुळाकुळांची. येथील लोकांनी सरकार पाहिले ते बंदुकीच्या रूपाने. १९८४ च्या फेब्रुवारीत वागाला येथील धावपट्टीवर देगोदिया कुळातील पुरुषांना डांबून सैन्याने त्यांची कत्तल केली. अशा सरकारकडे दाद मागायला कोण जाणार?

१९९२ च्या सुमारास दुष्काळ आणि सोमालियातून आलेली हत्यारे यांची गाठ पडली. कुळांतला रक्तपात बाजारापर्यंत आला. परक्या कुळाच्या बाईला तेथे बसणे कठीण झाले. तेव्हा देखा इब्राहिम अब्दी आणि त्यांच्या मैत्रिणींनी जे काम हाती घेतले, ते दिसायला क्षुल्लक होते: कोणत्याही कुळाच्या स्त्रीला बाजारात निर्धास्तपणे विकता-घेता यावे. देखरेख त्यांनी स्वतःच ठेवली. मग त्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या, आणि पुढाकार मागितला तो लहान कुळांतील वृद्धांकडे! मोठ्या कुळांच्या वैरात त्यांचा स्वार्थ कमी. हा धोरणीपणा मला परिषदांतील भाषणांहून मोलाचा वाटतो. १९९३ मध्ये अल-फताह जाहीरनाम्यावर वडीलधाऱ्यांच्या सह्या झाल्या.

१९९५ मध्ये ही शांतता समिती जिल्हा विकास समितीच्या चौकटीत आली. २००७ च्या निवडणुकीनंतरच्या दंगलींत हजारांवर माणसे मेली, आणि मग अशा समित्या देशभर नेण्याचे ठरले. बाजारातली गोष्ट सरकारी धोरणात शिरली ती अशी.

परंतु समाजाला विचारून धोरण ठरवायचे, तर समाज म्हणजे कोण, हे आधी विचारावे लागते. २००१ च्या मोदोगाशे जाहीरनाम्यात सरकारी अधिकाऱ्यांच्या संमतीने खुनाची भरपाई ठरली. पुरुषाच्या जिवाबद्दल शंभर जनावरे, स्त्रीच्या जिवाबद्दल पन्नास. ज्या मुलुखात बायकांनी शांततेचा पाया घातला, तेथे बायकांची किंमत निम्मी! पुढे २०१० च्या राज्यघटनेने रूढ न्यायपद्धतींना मान दिला. मात्र मूलभूत हक्कांना बाध येता कामा नये, अशी अटही घातली. अट कागदावर स्वच्छ आहे. पण खटल्याला वर्षे लागतात, साक्षीदार मिळत नाहीत, आणि तोवर सूडाने आणखी मुडदे पडू शकतात. म्हणून पन्नास का होईना, जनावरे घेऊन मिटवा, असे म्हणणारा वृद्ध तेथे अजूनही ऐकला जातो.