बालालाइकाचा पहिला गुरू

बालालाइकाच्या इतिहासात वासिली आंद्रेयेवला जनकाचा मान दिला जातो. मला मात्र अंतिप अधिक महत्त्वाचा वाटतो. आंद्रेयेव जन्मला १८६१ मध्ये. त्याच वर्षी रशियातील भूदासप्रथा रद्द झाली. १८८३ मध्ये त्वेर प्रांतातील आपल्या जमीनदारीत त्याने अंतिप या गड्याचे वादन ऐकले आणि व्हायोलिन वाजवणारा बाविशीतला मालक गड्याचा शागीर्द झाला.

पुढे पीटर्सबर्गच्या कारागिरांकडून त्याने या तीन तारांच्या, त्रिकोणी वाद्याला बारा स्वरांचे पक्के पडदे बसवून घेतले. १८८८ मध्ये त्याच्या वादकवृंदाचा पहिला जाहीर जलसा झाला. मग गार्ड पलटणींतील शिपायांनाही शिकवणी सुरू झाली. नोकरी संपवून शिपाई घरी परतत, तेव्हा बालालाइकाही त्यांच्याबरोबर खेड्यात जाई.

गावाचे वाद्य असे गावी परतले, पण बदलून. पूर्वीचे तातीचे बांधीव पडदे वादकाच्या कानाप्रमाणे सरकत. नव्या पडद्यांनी साऱ्या देशाला एकत्र वाजवता आले, पण कानाचा तो अधिकार गेला. आंद्रेयेवने आठवणींत अंतिपचे ऋण नोंदवले, हे बरे झाले. नाहीतर या परंपरेला जनक उरला असता, गुरू नव्हे.