घड्याळ लावून लिहिणारा माणूस

गेले तीन शनिवार एकच चाललंय. नवी फाइल उघडायची, शीर्षक टाकायचं, खोडायचं आणि चहा करायला उठायचं. 'मूड नाही' हे कारण इतक्यांदा देऊन झालंय की आता मलाच ते खरं वाटायला लागलंय! अशा वेळी मला अँथनी ट्रोलप आठवतो.

हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार. १८३४ ते १८६७, म्हणजे तब्बल ३३ वर्षं, पोस्टखात्यात नोकरी. पहिली कादंबरी १८४७ मध्ये आली आणि सपशेल पडली. तरी आयुष्यभरात पठ्ठ्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या, त्यातल्या बऱ्याचशा नोकरी सांभाळून.

कशा? पहाटे साडेपाचला टेबलाशी हजर. उठवायला आणि कॉफी आणायला एक म्हातारा नोकर, त्याला त्याबद्दल वर्षाला ५ पौंड जास्त. पहिला अर्धा तास कालचं लिहिलेलं वाचायचं. मग समोर घड्याळ ठेवून दर १५ मिनिटांना २५० शब्द. रोज किती पानं झाली याची डायरीत नोंद. साडेआठला लिखाण बंद, मग ऑफिस. १८५८ मध्ये कामासाठी इजिप्तला जाताना बोट लागली, तर मध्येच उठून केबिनमध्ये ओकून यायचा आणि पुन्हा लिहायला बसायचा. त्या प्रवासात 'डॉक्टर थॉर्न' संपली आणि दुसऱ्याच दिवशी 'द बर्ट्रम्स' सुरू!

हे सगळं त्याने आत्मचरित्रात प्रामाणिकपणे सांगून टाकलं. ते त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये छापलं गेलं आणि लोकांनी नाकं मुरडली. जोडे शिवावेत तशा कादंबऱ्या लिहायच्या? त्याची बरीच पत गेली. पण त्याच्या कादंबऱ्या आजही छापल्या जातात, वाचल्या जातात.

मला पटतो तो त्याचा पहिला अर्धा तास. सोमवारी सकाळी शुक्रवारचा कोड वाचल्याशिवाय मी तरी कुठे एक ओळ लिहितो? आणि लेख मात्र कोऱ्या पानावर एकदम सुचायला हवा! म्हणून आज नवी फाइल उघडलीच नाही. तीन शनिवारांचं खोडलेलं वाचत बसलो, त्यातूनच हे निघालं.

असो. शब्द ट्रोलपच्या पंधरा मिनिटांइतकेच झालेत. मला दोन तास लागले. पण लिहून झालं.